अक्षराचें वळण आणि माणसाचा स्वभाव

मराठी भाषेंत ‘वळण’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. अक्षराला वळण असतें आणि माणसालाही वळण असतें. पंतोजी मुलाच्या हातांत बोरू देऊन त्याच्याकडून कित्ता गिरवून घेत, तेव्हां त्याच्या अक्षराला वळण लागे. घरांतलीं वडील माणसें त्याला बसावें कसें, बोलावें कसें, पाहुण्यांपुढें वागावें कसें हें शिकवीत, तेव्हां त्याला स्वतःला वळण लागे. दोन्ही गोष्टींना आपल्या पूर्वजांनीं एकच शब्द योजला. त्यामुळें अक्षर पाहून माणूस ओळखतां येतो असें कोणीं म्हटलें, कीं तें आपल्याला सहज पटतें. सरळ, टपोरें, एकसारखें अक्षर दिसलें कीं आपण म्हणतों, माणूस नीटनेटका दिसतो. कोंबडीनें पाय ओढावे तशीं अक्षरें दिसलीं कीं कपाळाला आठी पडते. मुलगी दाखवावयाची झाली कीं तिच्याकडून दोन ओळी लिहून घेण्याची चाल आपल्याकडे होती, आणि नोकरीचा अर्ज उमेदवाराच्या स्वतःच्या अक्षरांतच असावा असा आग्रह जगांतल्या अनेक कचेऱ्यांनीं धरलेला आहे.

श्रोतेहो, ही समजूत कोठून आली, तिचें शास्त्र कोणीं बनविलें आणि त्या शास्त्राच्या नांवाखालीं एका निरपराध माणसावर काय प्रसंग गुदरला, हें आज सांगावयाचें आहे. प्रारंभींच एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. अक्षरासंबंधीं दोन निरनिराळे प्रश्न विचारतां येतात. पहिला, हें अक्षर कोणाचें? दुसरा, हें अक्षर ज्याचें आहे तो माणूस कसा आहे? पहिला प्रश्न न्यायाधीशाचा आणि इतिहाससंशोधकाचा आहे. तो अवघड असला तरी त्याचें उत्तर पुराव्यानें देतां येतें. दुसरा प्रश्न सामुद्रिकाचा आहे. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले म्हणजे काय अनर्थ होतो, तें पुढें दिसेलच.

अक्षराकडे बारकाईनें पाहण्याची दृष्टि फार जुनी आहे. रोमन चरित्रकार सुएटोनियस यानें ऑगस्टस बादशहाच्या लेखनाची एक लकब टिपून ठेविली आहे. बादशहा शब्द सुटे लिहीत नसे. आणि ओळीच्या शेवटीं जागा पुरली नाहीं, तर उरलेलीं अक्षरें पुढच्या ओळींत न नेतां तेथेंच खालीं लिहून त्यांच्याभोंवतीं रेघ फिरवी. सुएटोनियस एवढेंच सांगतो. त्यावरून बादशहा कंजूष होता कीं हट्टी होता, असें कांहीं अनुमान तो काढीत नाहीं. समकालीन कागद पाहणाऱ्या माणसाची ही संयमी वृत्ति आहे.

आपल्याकडे समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाच्या आरंभीं एक सबंध समास लेखनक्रियेला वाहिला आहे. अक्षर वाटोळें, सरळ आणि मोकळें असावें. ग्रंथाचें पहिलें अक्षर आणि शेवटचें अक्षर पाहिलें तर सारें एकाच टांकानें लिहिल्यासारखें दिसावें. तरुणपणीं फार बारीक लिहिलेलें म्हातारपणीं उपयोगी पडत नाहीं, म्हणून मध्यम आकार धरावा, असा त्यांचा उपदेश आहे. शाई, कागद, लेखणी, कोरा सोडावयाचा समास, कांहीं एक सुटलेलें नाहीं. परंतु येथेंही अक्षर हा अभ्यासाचा विषय आहे. सुंदर अक्षर मनुष्य जन्मतः घेऊन येतो असें समर्थ म्हणत नाहींत. तें ब्राह्मणानें श्रमानें कमवावें असें सांगतात. मनुष्याचें अक्षर त्याच्या स्वभावाचें चित्र असतें, त्यापेक्षां तें त्याच्या मेहनतीचें फळ असतें, अशी ही दृष्टि आहे.

मराठ्यांच्या दप्तरांतून हीच गोष्ट निराळ्या रीतीनें प्रत्ययास येते. मोडी लिहितांना आधीं कागदावर आडवी रेघ ओढावयाची आणि मग शक्यतों हात न उचलतां तिच्याखालीं अक्षरें झरझर सोडीत जावयाचें. ह्या लिपीचीं निरनिराळीं वळणें प्रसिद्ध आहेत : चिटणिशी, बिवलकरी, महादाजीपंती, रानडी. हीं नांवें पाहिलीं तरी कळतें, कीं अक्षराचें वळण घराण्याचें आणि दप्तराचें होतें. उमेदवार कारकून ज्याच्या हाताखालीं बसे, त्याचें वळण उचली. एकाच कचेरींत वाढलेल्या चार कारकुनांचे स्वभाव चार दिशांना असले, तरी त्यांचें अक्षर एका आईचीं लेकरें शोभावींत असें दिसे.

शिवाय पत्र ज्याच्या नांवें जाई, त्यानें तें स्वहस्तें लिहिलेलें असेच असें नाहीं, बहुधा नसेच. मजकूर कारकुनाच्या हातचा, वर शिक्का, शेवटीं मोर्तब, असा राजपत्राचा थाट असे. धन्याचें स्वतःचें अक्षर शोधावयाचें तर तें एखाद्या खासगी पत्रांत किंवा मजकुराच्या अखेरीस घातलेल्या एखाद्या ओळींत सांपडे. म्हणून एखाद्या थोर पुरुषाच्या नांवाचा कागद हातीं घेऊन, ‘पाहा ह्या अक्षरांतला करारीपणा!’ असें कोणी म्हणूं लागला, तर तो करारीपणा त्या पुरुषाचा कीं त्याच्या कारकुनाचा, हें आधीं विचारावें लागतें. दप्तरें चाळणाऱ्या संशोधकाला हें पाऊल चुकवून चालत नाहीं.

एका अक्षरानें माणसाचा जीव गेल्याची कथा तर महाराष्ट्रांत सर्वांच्या तोंडीं आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा गारद्यांनीं खून केला. रघुनाथरावांनीं गारद्यांना दिलेल्या कागदांत ‘धरावें’ असा शब्द होता, तो आनंदीबाईंनीं ‘मारावें’ केला, अशी परंपरा आहे, आणि ‘ध’ चा ‘मा’ करणें ही म्हण तिच्यावरून पडली. कथा म्हणून तिची पकड विलक्षण आहे. पण तिच्यांतला प्रश्न नीट पाहा. अक्षर कोणीं बदललें, एवढाच तो आहे. आनंदीबाईंचें अक्षर पाहून त्यांचा स्वभाव सांगा, असें कोणीं म्हटलें नाहीं. लोकांनीं स्वभावाविषयींचा निर्णय आधींच दिला होता, आणि अक्षर त्यांच्या पदरीं मागाहून बांधलें गेलें. हा क्रम ध्यानांत असूं द्या. तो पुढें फ्रान्समध्यें पुन्हां भेटणार आहे.

अक्षरावरून स्वभाव सांगण्याचा पद्धतशीर प्रयत्न प्रथम युरोपांत झाला. इटालींतील बोलोन्या येथील प्राध्यापक कामिल्लो बाल्दी यांनीं १६२२ मध्यें ह्या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. परंतु त्याला शास्त्राचें रूप आणि नांव देण्याचें काम एकोणिसाव्या शतकांत आबे मिशाँ नांवाच्या फ्रेंच धर्मोपदेशकानें केलें. ‘ग्राफॉलॉजी’ हा शब्द त्याचाच. १८७१ मध्यें त्यानें ह्याच नांवाचें नियतकालिक काढलें आणि १८७५ मध्यें आपली सगळी पद्धति ग्रंथरूपानें मांडली. अक्षराच्या प्रत्येक खुणेला स्वभावाची एकेक खूण नेमून देणें, हा त्याच्या पद्धतीचा गाभा. त्याच्यानंतर आलेला क्रेपिय-जामँ हा अधिक सावध होता. एकच खूण निरनिराळ्या लेखनांत निरनिराळा अर्थ धारण करूं शकते, म्हणून सबंध अक्षर पाहिलें पाहिजे, असें त्याचें म्हणणें होतें. १८९० च्या सुमारास पॅरिसमध्यें ही विद्या सुशिक्षितांच्या बैठकींत आवडीची झाली होती. सैन्यांतले अधिकारीसुद्धां तिचा नाद करीत.

अशा वेळीं, सप्टेंबर १८९४ च्या अखेरीस, फ्रेंच सैन्याच्या गुप्तहेर खात्याच्या हातीं एक फाटलेला कागद आला. पॅरिसमधील जर्मन वकिलातींत केरवारे करणारी एक बाई फ्रेंचांना सामील होती. रद्दीच्या टोपलींतले तुकडे ती त्यांना आणून देई. हे तुकडे जुळविल्यावर पातळ कागदावर लिहिलेली एक यादी निघाली. खालीं सही नाहीं, वर तारीख नाहीं. तोफेच्या नव्या ब्रेकची टिपणी, तोफखान्याच्या रचनेंतील बदल, मादागास्करची टिपणी, तोफा डागण्याच्या नियमांचें पुस्तक, अशा पांच गोष्टी पाठवीत असल्याचें तींत लिहिलें होतें. फ्रेंच सैन्यांतला कोणी तरी जर्मनांना विकला गेला होता, यांत शंका नव्हती. हातांत दुसरा पुरावा कांहीं नव्हता; होतें तें फक्त अक्षर.

आतां शोध कसा झाला तें पाहा. यादींतल्या गोष्टी अनेक खात्यांतल्या, म्हणून लिहिणारा तोफखान्याचा अधिकारी असून मुख्य कचेरींत निरनिराळ्या खात्यांत उमेदवारी करणारा असावा, असा तर्क दोघां अधिकाऱ्यांनीं बांधला. मग अशा अधिकाऱ्यांची नांवनिशी काढली. तींत कॅप्टन आल्फ्रेड ड्रेफस ह्या नांवावर त्यांची दृष्टि खिळली. ड्रेफस ज्यू होता, जर्मनीनें घेतलेल्या आल्सेस प्रांतांत म्युलूज येथें जन्मलेला होता, अबोल होता, आणि त्या खात्याच्या प्रमुखानें त्याच्याविषयीं प्रतिकूल शेरा मारलेला होता. मग त्याचें अक्षर काढून यादीशीं ताडून पाहिलें, आणि तें सारखें दिसलें. आधीं माणूस ठरला आणि नंतर अक्षर जुळलें.

१५ ऑक्टोबर १८९४ रोजीं सकाळीं ड्रेफसला कचेरींत बोलावण्यांत आलें. मेजर द्यु पाती द क्लाम ह्या अधिकाऱ्याला अक्षरपरीक्षेचा नाद होता. आपलें बोट दुखावलें आहे असें सांगून त्यानें ड्रेफसला एक पत्र लिहून घ्यावयास सांगितलें, आणि मजकुरांत त्या यादींतले शब्द हळूच गुंफले. मध्येंच तो म्हणाला, तुमचा हात कांपतो आहे. ड्रेफस म्हणाला, बोटें गारठलीं आहेत. त्यानंतर लगेच राजद्रोहाच्या आरोपावरून त्याला अटक झाली. थंडीनें कांपलेल्या हातांत अपराधी मन दिसलें, असा हा प्रकार. स्वभाव वाचण्याच्या विद्येचें ह्याहून भयंकर उदाहरण शोधून सांपडणें कठीण.

तज्ज्ञांची मतें घेतलीं गेलीं. बँक ऑफ फ्रान्सचे तज्ज्ञ गोबेर यांनीं, हें अक्षर दुसऱ्या कोणाचें असूं शकेल, असा प्रामाणिक अभिप्राय दिला. तेव्हां त्यांच्यावरच संशय घेण्यांत आला. मग पोलिस खात्यांतील आल्फोंस बर्तियाँ यांस विचारलें. गुन्हेगारांच्या शरीराचीं मापें घेऊन त्यांस ओळखण्याची पद्धति काढल्यामुळें त्यांची कीर्ति जगभर होती; पण अक्षर हा त्यांचा विषय नव्हे. त्यांनीं अक्षर ड्रेफसचेंच असल्याचें सांगितलें. आणखी तिघांस विचारतां दोघांनीं होकार दिला, एकानें नकार. पांचांत दोघे विरुद्ध असतां तेवढ्यावर खटला उभा राहिला.

यादींतल्या आणि ड्रेफसच्या अक्षरांत फरक होते, हें बर्तियाँ यांना दिसत होतें. त्यांनीं त्यावर तोड काढली. ड्रेफसनें मुद्दाम स्वतःच्याच अक्षराची नक्कल केली, आणि पकडला गेल्यास ‘हें बनावट आहे’ असें म्हणतां यावें म्हणून तींत आपल्या घरच्या माणसांच्या अक्षराच्या लकबी मिसळल्या, असा त्यांचा सिद्धांत! म्हणजे अक्षर जुळलें तर तो अपराधी, न जुळलें तर अधिक धूर्त अपराधी. आरोपपत्राचाही सूर हाच होता. ड्रेफसला अनेक भाषा येतात, त्याची स्मरणशक्ति तीव्र आहे, हे गुण त्याच्या विरुद्ध मांडले गेले. घराच्या झडतींत कांहीं सांपडलें नाहीं, त्या अर्थीं त्यानें सर्व आधींच नाहींसें केलें असलें पाहिजे, असें ठरलें.

२२ डिसेंबर १८९४ रोजीं लष्करी न्यायालयानें बंद दारांआड त्याला एकमतानें दोषी ठरविलें. आरोपीला व त्याच्या वकिलाला न दाखवितां कागदांचें एक गुप्त पुडकें न्यायाधीशांच्या हातीं देण्यांत आलें होतें. ५ जानेवारी १८९५ रोजीं पॅरिसमध्यें सैन्यासमोर त्याचीं पदचिन्हें ओरबाडून काढण्यांत आलीं आणि त्याची तलवार मोडण्यांत आली. मी निर्दोष आहें, असें तो ओरडून सांगत होता. नंतर त्याला दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याजवळील डेव्हिल्स आयलंड नांवाच्या बेटावर एकांतवासांत ठेविलें.

१८९६ मध्यें गुप्तहेर खात्याचे नवे प्रमुख कर्नल पिकार यांच्या हातीं मेजर एस्तरहाझी नांवाच्या अधिकाऱ्याचीं पत्रें आलीं. हा कर्जबाजारी आणि जुगारी म्हणून प्रसिद्ध होता. तें अक्षर पाहतांच पिकार थक्क झाले; त्या यादीचें अक्षर हुबेहूब तेंच होतें. त्यांनीं नांव झांकून पत्राचा नमुना बर्तियाँ यांना दाखविला. बर्तियाँ म्हणाले, हें तर यादीचेंच अक्षर. पण लेखन अलीकडचें आहे असें सांगतांच त्यांनीं निराळाच अर्थ लावला : ज्यू लोकांनीं कोणाला तरी त्या अक्षराची नक्कल करावयास शिकविलें असलें पाहिजे! एकदां मनानें निर्णय घेतला म्हणजे डोळे त्याच्या चाकरीस कसे राहतात, याचें हें उदाहरण होय.

वरिष्ठांनीं पिकार यांना दूर पाठविलें. परंतु १० नोव्हेंबर १८९६ रोजीं एका पॅरिसच्या वर्तमानपत्रानें त्या यादीचें छायाचित्र छापलें होतें. ड्रेफसचा भाऊ मात्यू यानें तें अक्षर लोकांत पसरविलें, आणि १८९७ मध्यें एका पेढीवाल्यानें आपल्या गिऱ्हाईकाचें, म्हणजे एस्तरहाझीचें, अक्षर त्यांत ओळखलें. त्या पेढीवाल्याला ग्राफॉलॉजी येत नव्हती. व्यवहारांत रोज त्या माणसाच्या चिठ्या पाहिल्यामुळें त्यानें अक्षर ओळखलें. दुकानदार उधारीच्या चिठीवरचें अक्षर ओळखतो, तसें. तथापि नव्या तिघां तज्ज्ञांनीं अक्षर एस्तरहाझीचें नव्हे असा निर्वाळा दिला आणि ११ जानेवारी १८९८ रोजीं तो निर्दोष सुटला. दोनच दिवसांनीं एमिल झोला यांचें जगप्रसिद्ध अनावृत पत्र प्रसिद्ध झालें. त्यांत सेनापतींबरोबर ह्या तीन अक्षरतज्ज्ञांवरही त्यांनीं आरोप केला, आणि त्यांची दृष्टि व बुद्धि रोगट असल्याचें वैद्यानें सांगितलें तरच आपण आरोप मागें घेऊं, अशा अर्थाचा टोमणा मारला.

गंमत अशी, कीं ड्रेफसविरुद्धचा सर्वांत मोठा बनावट कागद उघडकीस आला तो अक्षरावरून नव्हेच. ऑगस्ट १८९८ मध्यें एक अधिकारी दिव्याच्या उजेडांत तो कागद तपासीत असतां, त्यावरच्या चौकडीच्या रेघांचे रंग दोन तुकड्यांवर निरनिराळे आहेत असें त्याला दिसलें. दोन कागद चिकटवून एक केला होता. तो बनविणाऱ्या कर्नल आँरी यानें कबुली दिली आणि दुसऱ्या दिवशीं तुरुंगांत आत्महत्या केली. कागद, शाई, रेघा यांची जड साक्ष अशी असते. तिला कोणाचा स्वभाव ठाऊक नसतो.

१८९४ मध्यें होकार देणाऱ्या तज्ज्ञांपैकीं शारावे यांनीं १८९९ मध्यें उघडपणें आपलें मत फिरविलें आणि अक्षर एस्तरहाझीचें असल्याचें मान्य केलें. ह्या प्रामाणिकपणाचें कौतुक केलें पाहिजे. तरीही त्याच वर्षीं रेन येथील लष्करी न्यायालयानें ड्रेफसला पुन्हां दोषी ठरविलें. राष्ट्राध्यक्षांनीं क्षमा केली म्हणून तो घरीं आला. पुढें दार्बू, आपेल आणि आंरी प्वँकारे ह्या तीन गणितज्ञांनीं बर्तियाँ यांच्या मापांचा आणि संभवांच्या हिशेबांचा १९०४ च्या आपल्या अहवालांत पूर्ण निकाल लावला. १२ जुलै १९०६ रोजीं फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयानें शिक्षा रद्द केली. बारा वर्षें गेलीं होतीं. २०२५ सालीं फ्रान्सनें खास कायदा करून त्याला मरणोत्तर ब्रिगेडियर जनरलचा हुद्दा दिला.

त्याच १९०६ मध्यें बुद्धिमापनासाठीं प्रसिद्ध असलेले मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनीं ग्राफॉलॉजीची कसोटी घेऊन ग्रंथ लिहिला. पाकिटांवरचे पत्ते दाखवून, लिहिणारा पुरुष कीं स्त्री, हें त्यांनीं विचारलें. क्रेपिय-जामँचें उत्तर शंभरांत सुमारें एकोणऐंशीं वेळां बरोबर आलें. परंतु ज्यांना ही विद्या येत नव्हती अशा माणसांचींही उत्तरें निम्म्याहून बरींच अधिक बरोबर आलीं. म्हणजे अक्षरांत कांहीं तरी असतें, पण तें पाहण्यास शास्त्राची दीक्षा लागतेच असें नाहीं, आणि दीक्षा घेतलेला चुकतच नाहीं असेंही नाहीं. पुढें १९८९ मध्यें नेटर आणि बेन-शाखर ह्या संशोधकांनीं सतरा प्रयोग एकत्र तपासले. माणसानें स्वतःविषयीं लिहिलेला मजकूर वाचावयास मिळाला, तर ग्राफॉलॉजिस्टांहून सामान्य वाचकाचे अंदाज कमी ठरले नाहींत. जें कळत होतें तें लिहिलेल्या मजकुरावरून; अक्षराच्या फांट्यांवरून नव्हे.

मग अक्षर पाहून सांगितलेला स्वभाव आपल्याला इतका पटतो कां? ह्याचें उत्तर १९४८ मध्यें बर्ट्रम फोरर ह्या अमेरिकन प्राध्यापकानें एका प्रयोगांत दिलें. त्यानें एकोणचाळीस विद्यार्थ्यांची एक चांचणी घेऊन प्रत्येकाला त्याचें स्वभाववर्णन म्हणून एक कागद दिला, आणि तें कितपत जुळतें याला पांचांपैकीं गुण देण्यास सांगितलें. सरासरी गुण चारांच्या वर आले. नंतर त्यानें उघड केलें, कीं सर्वांना एकच कागद दिला होता, आणि त्यांतलीं वाक्यें ज्योतिषाच्या पुस्तकांतून घेतलीं होतीं. ‘तुम्ही वरून धीट दिसतां, पण मनांतून हळवे आहां’ हें वाक्य कोणाला लागू पडत नाहीं?

याचा अर्थ अक्षर मुकें असतें असा नाहीं. तें पुष्कळ कांहीं सांगतें. लिहिणाऱ्याची शाळा कोणती, लिहिण्याची संवय किती, घाई होती कीं निवांतपणा, हें तें सांगतें. वार्धक्य आणि आजारही सांगतें. कंपवाताच्या रोग्याचें अक्षर लहान लहान होत जातें, हें वैद्यांना चांगलें ठाऊक आहे. मात्र माणूस खरा कीं खोटा, शूर कीं भ्याड, हें तें सांगत नाहीं. महात्मा गांधींचें अक्षर चांगलें नव्हतें. दक्षिण आफ्रिकेंत तरुण वकिलांचें सुंदर अक्षर पाहून आपल्याला लाज वाटली, वाईट अक्षर ही अपुऱ्या शिक्षणाची खूण मानली पाहिजे, असें त्यांनीं आत्मकथेंत स्पष्ट लिहिलें आहे. आपल्या अक्षराचा दोष त्यांनीं शिक्षणाकडे लावला, आणि मुलांना आधीं चित्रकला शिकवून मग लिहावयास शिकवावें असा उपाय सुचविला. समर्थांची दृष्टि आणि ही दृष्टि ह्या दोहोंत मला फारसें अंतर दिसत नाहीं.

आज लिहिण्याचें पुष्कळसें काम यंत्रांनीं उचललें आहे. तरी कोर्टांत मृत्युपत्राची सही अजून तपासली जाते, आणि दप्तरखान्यांत मोडीचे रुमाल अजून सुटावयाचे आहेत. तीं कामें करणाऱ्यांनीं पहिल्या प्रश्नापाशीं थांबावें : अक्षर कोणाचें? तेवढ्यालाच केवढें धैर्य आणि केवढी तटस्थता लागते, हें गोबेर, पिकार आणि शारावे यांच्या वागणुकीवरून दिसतें.

डेव्हिल्स आयलंडवर ड्रेफसला पत्नी ल्युसी हिचीं पत्रें येत. पुढें पुढें अधिकाऱ्यांना भय वाटूं लागलें, कीं अक्षरांत कांहीं गुप्त खुणा असतील. म्हणून तिचीं मूळ पत्रें ठेवून घेऊन कारकुनानें केलेल्या नकला त्याच्या हातीं देऊं लागले. शब्द तिचेच होते, एकही गळलेला नसेल. परंतु तिच्या हातचें अक्षर त्याला दिसेनासें झालें. ती शिक्षा कोणत्याही निकालपत्रांत लिहिलेली नव्हती. तिच्या अक्षरावरून तिचा स्वभाव त्याला ओळखावयाचा नव्हता. तो त्याला पूर्वींच ठाऊक होता.